रात्रीची धाप आणि माळ्यावरची धूळ

वाचकाचं पत्र

डॉक्टर, आम्ही गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका गावात राहतो. माझा मुलगा दहा वर्षांचा, पाचवीत आहे. दोन वर्षं झाली, पाऊस लागला की त्याला रात्रीचा खोकला सुरू होतो, छातीत शिट्टी वाजते. यंदा डॉक्टरांनी ॲलर्जीचा दमा असल्याचं सांगून दोन पंप लिहून दिले. रोजचा पंप पंधरा दिवस दिला आणि खोकला थांबला म्हणून बंद केला. सासूबाई म्हणतात, पंपाची एकदा सवय लागली की जन्मभर सुटत नाही. आमच्या घराण्यात कुणालाच दमा नाही. ह्यांना तेवढ्या रोज सकाळी उठल्यावर शिंका येतात. केळी, दही, सोलकढी, मासळी सगळं बंद केलं होतं. मागच्या आठवड्यात चवथीची साफसफाई काढली, संध्याकाळी गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं बांधायची ती माटोळीची चौकट माळ्यावरून उतरवली. रात्री त्याने हट्ट केला म्हणून थोडा दहीभात दिला, आणि मध्यरात्री अशी धाप लागली की दवाखान्यात नेऊन वाफ द्यावी लागली. नेमकं काय टाळायचं तेच कळत नाही. चवथीला सत्तरीच्या मूळ घरी जायचं की नाही? भाऊ पुण्याला असतो, मुलाला वर्ष-दोन वर्षं तिकडे ठेवावं का? नणंद म्हणते, पुढच्या मृगाला हैदराबादला नेऊन मासळीचं औषध द्या. घरात एक मांजरही आहे.
– एक आई

उत्तर

ताई, माटोळीची चौकट उतरवल्याचं तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण त्या रात्रीच्या धापेचं कारण मला तिथेच दिसतं. मुलगा त्या वेळी जवळ होता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. दहा वर्षांचं पोर, चवथीची गडबड आणि माळ्यावर चढायची संधी. तो तिथे नसेल असं मला काही वाटत नाही. माळ्यावर वर्षभराची धूळ, जुन्या गोधड्या, कौलांखालची ओल. त्यातून चौकट ओढून काढली की काय उडत असेल ते मी तुम्हाला सांगायला नको. पण धाप लागली मध्यरात्री, आणि त्याआधी पोटात गेला होता दहीभात. म्हणून आळ दह्यावर आला.

ॲलर्जीच्या दम्याची ही खोड नीट समजून घ्या. ज्याला ॲलर्जी आहे त्याचं शरीर धुळीतल्या एखाद्या साध्या कणाला शत्रू समजतं आणि त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिद्रव्यं बनवून ठेवतं. ही प्रतिद्रव्यं श्वासनलिकांच्या अस्तरातल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुन्हा तोच कण श्वासातून आत गेला की या पेशी हिस्टामिन, ल्युकोट्राइन अशी रसायनं बाहेर टाकतात. दहा-वीस मिनिटांत नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात. शिंका येतात, खोकला येतो, आणि तासा-दोन तासांत ते ओसरतं. पुष्कळदा हा पहिला झटका इतका हलका असतो की 'धुळीने शिंकला' यापलीकडे घरात कुणी लक्षही देत नाही. त्यानंतर चार ते आठ तासांनी दुसरी लाट येते. इओसिनोफिलसारख्या पेशी तिथे गोळा होतात, नळ्यांचं अस्तर सुजतं, चिकट कफ साचतो. ही लाट पहिलीपेक्षा चिवट असते. संध्याकाळी सहाच्या सुमारास छातीत गेलेली धूळ मध्यरात्री धाप लावते ती अशी. शिवाय श्वासनलिका सगळ्यांच्याच पहाटेकडे थोड्या अरुंद होतात, दम्याच्या मुलात ते जास्त जाणवतं. मधल्या वेळात मूल जेवून झोपलेलं असतं. आईला आठवतं ते ताट, आणि ताटातला एकेक पदार्थ बंद होत जातो. माझ्याकडे आलेल्या कितीतरी मुलांचं खाणं असंच आकसत गेलेलं मी पाहिलं आहे. दमा मात्र होता तिथेच.

तुम्हाला दोन पंप का दिले तेही यातूनच कळेल. निळा पंप म्हणजे बहुधा सालब्युटामॉल. तो आवळलेले स्नायू सैल करतो, पाच मिनिटांत बरं वाटतं आणि चार-सहा तासांत असर संपतो. सुजेवर त्याचा काही इलाज चालत नाही. रोजच्या पंपात बुडेसोनाइड किंवा फ्ल्युटिकासोनसारखं औषध असतं. ते सूज उतरवतं, पण सावकाश, आणि रोज घेतलं तरच. पंधरा दिवसांत खोकला थांबला म्हणजे ते औषध लागू पडत होतं. सूज पुरती उतरण्याआधी तुम्ही ते थांबवलंत, आणि नेमक्या त्याच दिवसांत माळा झाडला गेला. मुलाच्या डॉक्टरांना हे सगळं असंच्या असं सांगा आणि त्यांच्या सल्ल्याने तो पंप आजच पुन्हा सुरू करा. दोन-तीन महिने त्रास पूर्णपणे आटोक्यात राहिला, की मग डोस कमी करायचा की नाही ते डॉक्टर ठरवतील. आपल्याकडे ही वेळ पाऊस ओसरल्यावरच येते.

सासूबाईंची काळजी खोटी नाही, फक्त ती चुकीच्या पंपाची आहे. रोजच्या पंपाचं व्यसन लागत नाही. भीती बाळगायचीच तर ती निळ्या पंपावर दिवस काढण्याची बाळगा. त्याने वरवर बरं वाटतं, आत सूज वाढत राहते, आणि एक दिवस तोही पुरा पडत नाही. 'जिना' ही दम्यावरची जागतिक मार्गदर्शक संस्था आहे. तिने २०१९ साली बारा वर्षांवरच्या रुग्णांसाठी स्पष्टच सांगितलं की नुसत्या सालब्युटामॉलवर भागवू नये. लहान मुलांतही आता कल तोच आहे. राहिला 'स्टिरॉइड' हा शब्द. रोजच्या पंपातलं औषध स्टिरॉइडच असतं, पण मात्रा पाहा. तुमच्या मुलाच्या वयाला रोजच्या पंपातून साधारण १०० ते २०० मायक्रोग्रॅम औषध पुरतं. मोठा झटका आला तर प्रेडनिसोलोनच्या गोळ्या द्याव्या लागतात, त्या एका दिवसाला २५-३० मिलिग्रॅम, म्हणजे २५ ते ३० हजार मायक्रोग्रॅम, आणि तेही ओळीने तीन ते पाच दिवस. रोजचा पंप हे झटके टाळतो, म्हणून एकंदर स्टिरॉइड कमीच जातं. उंचीबद्दल सासूबाई विचारतील, तर खरं ते सांगा: वर्षानुवर्षं हा पंप घेतलेल्या मुलांची उंची सरासरी एखाद्या सेंटिमीटरने कमी भरते, त्याहून फारशी नाही. रात्र रात्र बसून काढणाऱ्या मुलाचीही वाढ खुंटते, आणि त्याचा जीवही धोक्यात असतो. माझं स्वतःचं मूल असतं तर मी पंपच दिला असता.

पण पंप 'दिला' याला तो छातीत पोचला असं म्हणत नाहीत. डॉक्टरांनी स्पेसर दिला नसेल तर मागून घ्या. पंपाला जोडायची ती प्लॅस्टिकची नळकांडी असते. पंप नीट हलवायचा, स्पेसरला जोडायचा, मुलाने श्वास पूर्ण सोडून तोंडाचा भाग ओठांत घट्ट धरायचा. एकदाच दाबायचं आणि सावकाश, खोल श्वास घेऊन दहा आकडे मोजेपर्यंत रोखायचा. तेवढं जमत नसेल तर स्पेसरमध्येच संथपणे पाच-सहा श्वास. दुसरा पफ असेल तर अर्धा-एक मिनिट थांबून, पुन्हा हलवून. दोन पफ एकदम दाबले की औषध आतल्या आत चिकटून वाया जातं. रोजच्या पंपानंतर खळखळून चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते. बायका मायेने एक चूक हमखास करतात. स्पेसर धुऊन फडक्याने लख्ख पुसतात. घासल्याने प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध त्याच्या भिंतीला चिकटून बसतं. साबणाच्या पाण्यात बुडवून काढा आणि न पुसता तसाच निथळत ठेवा. आणखी एक. दवाखान्यात दिली ती 'वाफ' म्हणजे नेब्युलायझरमधून दिलेलं औषध. घरी टोपात पाणी उकळून डोक्यावर टॉवेल टाकला तर तो परिणाम होत नाही, मूल भाजण्याची भीती मात्र असते.

घराण्यात दमा नाही असं तुम्ही म्हणता आणि पुढच्याच वाक्यात नवऱ्याच्या सकाळच्या शिंका लिहिता. वारशाने येते ती ॲलर्जीची प्रवृत्ती. ती एकाच्या नाकात दिसते, दुसऱ्याच्या अंगावर इसब म्हणून उठते, तिसऱ्याच्या छातीत उतरते. मुलाचंही नाक चोंदतं का, तो तोंड उघडं टाकून झोपतो का, सारखा नाक चोळतो का, ते पाहा. नाकावर उपचार केले नाहीत तर छाती आटोक्यात ठेवणं जड जातं. आणि ह्यांनाही एकदा दाखवून घ्या.

आता मुख्य प्रश्न, टाळायचं काय. त्याचा त्रास पावसाळ्यातला आणि रात्रीचा आहे. म्हणून माझा पहिला संशय अंथरुणावर, दुसरा भिंतीच्या ओलीवर.

गादी-उशीत धुळीतले माइट असतात. ०.३ मिलिमीटर लांबीचे हे किडे नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. आपल्या अंगावरून झडलेली त्वचा हे त्यांचं अन्न. ते पाणी पीत नाहीत, हवेतली आर्द्रता शोषून जगतात. हवा ५० टक्क्यांहून कोरडी राहिली तर ते तग धरत नाहीत. आपल्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जुलैत घरातली हवा ८५-९० टक्के ओली असते. म्हणजे सावरीच्या कापसाची जुनी उशी त्यांना बाराही महिने घर, आणि पावसाळ्यात तर सुगीच. ॲलर्जी होते ती मुख्यतः त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांनी. हे कण जड असतात. एरवी गादीत पडून राहतात, अंथरूण झटकलं की उडतात आणि वीस-तीस मिनिटांत परत खाली बसतात. म्हणून अंथरूण झटकताना, केर काढताना मुलगा खोलीत नको, आणि नंतर निदान अर्धा तास तरी नको. केरसुणीपेक्षा ओल्या फडक्याने पुसणं बरं.

उशी बदला, ही पहिली खरेदी. गादीला माइट आत-बाहेर करू शकणार नाहीत असं चेनचं आवरण मिळतं ते घाला. परवडत नसेल तर निदान रेक्झिनचं घालून वर सुती चादर अंथरा. नुसतं आवरण घालून चमत्कार होत नाही, हे खरं. बाकीच्या गोष्टींची जोड मिळाली तरच फरक पडतो. चादर, अभ्रे, पांघरूण आठवड्यातून एकदा कढत पाण्यात धुवा. माइट मरायला पाणी ६० अंशांच्या आसपास हवं, हात घालवणार नाही इतकं. वॉशिंग मशीनमध्ये गरम पाण्याची सोय नसेल तर न्हाणीत पाणी तापवायच्या भाणातलं कढत पाणी आहेच. कपडे टबात घालून वरून ओतायचं, अर्धा तास भिजू द्यायचं आणि मग नेहमीसारखं धुवायचं. गोधडी, वाकळ असं जाड पांघरूण पावसाळ्यात वाळत नाही, ते त्याला नकोच. पातळ चादरी दोन द्या. ऊन पडलं की गादी उन्हात टाका, पण झटकायची ती बाहेर आणि त्याच्या अपरोक्ष. उन्हाने माइट मरतात, त्यांची घाण उन्हाने जात नाही.

भाणाचा विषय निघाला म्हणून सांगतो. पावसात न्हाणीच्या चुलीशी ऊब घेत बसायला मुलांना आवडतं, आणि ओले कपडेही त्याच धगीवर वाळवले जातात. तिथे त्याला बसू देऊ नका. लाकडाचा धूर, कॉईलचा धूर, अगरबत्ती, कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास, फिनाईल, कुणाची विडी, खाण भागातली लाल धूळ, यांनी ॲलर्जी होत नाही, पण दमा उसळतो. ठणकणाऱ्या गळवाला नुसता कपडा घासला तरी जीव कळवळतो, तसं सुजलेल्या श्वासनलिकांचं या गोष्टींनी होतं. सर्दी-पडसं, थंड वारा, पळणं, फार हसणं-रडणं यांचंही तेच. सूज उतरली की यातलं पुष्कळसं सोसवतं. म्हणून मुलाचं फुटबॉल बंद करू नका. आधी दहा मिनिटं हलकं धावून अंग मोकळं करून खेळू द्या. धापेमुळे त्याला खेळ सोडावा लागत असेल तर औषध कमी पडतं आहे असं समजा. डासांसाठी मच्छरदाणी लावा, तीही धुतलेली.

ओलीचं काम जिकिरीचं आहे. चिऱ्यांच्या घरात पावसाळ्यात भिंती पाणी धरतात, कपाटामागे काळी-हिरवी बुरशी येते, चपला आणि पट्टे पांढरे होतात. ॲस्परजिलस, क्लॅडोस्पोरियम, आल्टरनेरिया या बुरशांचे बीजाणू हवेत तरंगतात आणि सरळ छातीत जातात. सगळं घर कोरडं करणं कुणालाच जमणार नाही. एकच खोली धरा, तो झोपतो ती. फुटलेलं कौल, गळका पाइप आधी दुरुस्त करा. गळती तशीच ठेवून रंग काढणं म्हणजे पैसे पाण्यात. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. बुरशी साबणाच्या पाण्याने पुसा, तोंडाला मास्क लावून, तो शाळेत असताना. त्या खोलीत ओले कपडे वाळत घालू नका. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र काहीशे रुपयांत मिळतं. घरात एसी असेल तर रात्री 'ड्राय'वर लावा, त्याची जाळी मात्र दर पंधरवड्याला धुवायची. खर्च झेपणार असेल तर हवेतलं पाणी ओढणारा डिह्युमिडिफायर त्या एका खोलीत चांगलं काम देतो.

मांजर लगेच कुणाला देऊन टाकू नका. त्याच्या लाळेत आणि त्वचेत असणारं प्रथिन फार हलकं असतं, तासन् तास हवेत राहतं, कपड्यांना चिकटून शाळेपर्यंत जातं. मांजर घराबाहेर गेलं तरी ते महिनोन् महिने घरात उरतं. म्हणून आठवडाभर शेजारी ठेवून 'फरक पडला नाही' असं म्हणण्यात अर्थ नाही. आधी चाचणी करून घ्या. तोवर मांजर झोपायच्या खोलीत नको, अंथरुणावर तर नकोच. झुरळांचंही असंच. फवारा मारण्याऐवजी कोपऱ्यात जेल लावा आणि रात्री खरकटं उघडं ठेवू नका.

ताटाकडे येऊ. केळी, दही, ताक, सोलकढी यांनी दमा होत नाही. एकट्या अन्नामुळे दमा उसळणं क्वचितच घडतं, आणि घडलं तर सोबत अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, उलटी असं काही बहुधा दिसतं, तेही खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत. मासळीत एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. सुंगटं म्हणजे कोळंबी, कुर्ल्या म्हणजे खेकडे, यांच्यातलं ट्रोपोमायोसिन हे प्रथिन माइट आणि झुरळांतल्या प्रथिनाशी जुळतं. म्हणून माइटची ॲलर्जी असलेल्या काहींना सुंगटं बाधतात, कुणाला तर शिजतानाच्या वाफेनेही त्रास होतो. त्याला सुंगटं खाऊन कधी असं काही झालं होतं का, आठवून पाहा. झालं नसेल तर बांगडा, सुंगटं, सगळं परत ताटात येऊ द्या. गोव्यातल्या पोराला मासळीवाचून ठेवणं ही शिक्षाच आहे, आणि वाढत्या वयात प्रथिनं कमी पडतात ती वेगळीच. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेली सुकी मासळी उपसताना उडणारी धूळ तेवढी त्याच्यापासून लांब ठेवा. अंगदुखी-तापासाठी आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिनची गोळी दुकानातून आणून परस्पर देऊ नका, काहींना त्याने दमा उसळतो.

चाचण्या दोन. स्पायरोमेट्रीत मुलाला यंत्रात जोराने फुंकायला लावतात, मग पंप देऊन पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. नळ्या किती उघडल्या ते आकड्यांत दिसतं. दहा वर्षांच्या मुलाला हे जमतं. त्वचेच्या चाचणीत हातावर माइट, बुरशी, मांजर, झुरळ असे थेंब ठेवून बारीक टोचतात आणि वीस मिनिटांत उठलेली गांधी मोजतात. त्याआधी सर्दीच्या, ॲलर्जीच्या गोळ्या आठवडाभर बंद ठेवाव्या लागतात, म्हणून तारीख घेतानाच विचारा. हे सगळं बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात विचारता येईल. चाचणीत दहा गोष्टी उठल्या म्हणून दहाही टाळायच्या नसतात. ज्याची गांधी उठली आणि ज्याच्यापाशी गेल्यावर खरोखर त्रासही होतो, तेवढीच खरी. केसांवरून किंवा रक्तातल्या आयजीजी या वेगळ्या प्रतिद्रव्यावरून दोनशे पदार्थांची यादी देणारी पॅकेजं विकली जातात. त्यांवर एक रुपयाही घालवू नका. माइटचीच ॲलर्जी पक्की ठरली तर शरीराला माइटची हळूहळू सवय लावणारी, जिभेखाली किंवा इंजेक्शनने द्यायची इम्युनोथेरपी हाही उपाय आहे, पण ती तीन वर्षं तरी चालते आणि दमा आटोक्यात आल्याशिवाय सुरू करत नाहीत.

आणि वही ठेवा. तुम्ही आत्तापर्यंत रात्री काय खाल्लं ते आठवत आलात. यापुढे दुपारी तीन ते सात मुलगा कुठे होता, कशाशी खेळला ते लिहा. त्याच्याच बाजूला लिहा, तो रात्री खोकून उठला का, निळा पंप किती वेळा लागला, आणि पीक फ्लो मीटर हे फुंकेचा जोर मोजायचं यंत्र घेतलंत तर सकाळ-संध्याकाळ तीनदा फुंकून आलेला सर्वांत मोठा आकडा. आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा निळा पंप लागत असेल, किंवा रात्री जाग येत असेल, तर दमा आटोक्यात नाही. पुढच्या भेटीला ही वही डॉक्टरांपुढे ठेवलीत तर त्यांचं निम्मं काम झालं म्हणायचं.

चवथीला जरूर जा. वर्षभर बंद असलेलं मूळ घर हे अशा मुलासाठी सगळ्यात अवघड ठिकाण असतं, ते खरं, पण मुलाला चवथीवाचून ठेवायचं कारण नाही. मोठ्यांपैकी कुणीतरी दोन-तीन दिवस आधी जाऊन दारं-खिडक्या उघडावीत, केर काढावा, माळ्यावरचं सगळं तेव्हाच खाली आणावं. मुलाने धूळ बसल्यावर, चवथीच्या आदल्या संध्याकाळी पोचावं. त्याची उशी, चादर, पांघरूण घरून न्या. माळ्यावरून काढलेल्या पाहुण्यांच्या गाद्यांवर चुलत भावंडांसोबत लोळायला तो धावेल, तेवढं सांभाळा. झोपायला ओल नसलेली, वारा खेळता असलेली जागा बघा, देवाच्या खोलीतल्या धुपापासून दूर. माटोळीच्या फळा-पानांना भिऊ नका. घुमट आरतीला त्याला वसरीत उभं करा, वाजवायचं असेल तर वाजवू द्या. फटाके लावताना मात्र वाऱ्याच्या वरच्या बाजूला, लांबून. दिवाळीत नरकासुर जाळतात त्या रात्रीही हाच नियम. रोजचा पंप तिथेही चुकवायचा नाही, आणि निळा पंप व स्पेसर आईच्या पिशवीत, गाडीच्या डिकीत नको.

निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून झटका आला तर काय करायचं ते कागदावर लिहून घ्या. साधारणपणे असं: मुलाला ताठ बसवायचं, आडवं करायचं नाही, निळ्या पंपाचे चार पफ स्पेसरमधून एकेक करून, दर पफला चार-पाच श्वास. उतार पडला नाही तर पुन्हा द्यायचं आणि १०८ ला फोन करायचा. एक वाक्य सलग बोलता येत नसेल, फासळ्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, किंवा छातीतली शिट्टी थांबून तो गळून गप्प झाला असेल, तर वाट पाहायची नाही. शिट्टी थांबली म्हणजे बरं वाटलं, असा समज तेव्हा जीवघेणा ठरतो. सत्तरीत वाळपईचं सामाजिक आरोग्य केंद्र जवळ पडेल. मूळ घरापासून तिथे पोचायला किती वेळ लागतो ते आधीच विचारून ठेवा, आणि वाटेतही पंप देत राहा.

हैदराबादच्या मासळीच्या औषधाने दमा बरा होतो याचा पुरावा नाही. नणंदेचं मन मोडायचं नसेल तर मोडू नका, पण ज्या मुलाला आधीच धाप लागते त्याच्या घशात जिवंत मासा घालायला मी तरी संमती देणार नाही. आणि तिथे गेल्यावर 'आता पंप नको' असं कुणी सांगितलं तर ते अजिबात ऐकू नका.

पुण्याला ठेवण्याचं म्हणाल, तर माझं मत नको असंच आहे. तिथली हवा कोरडी, त्यामुळे पहिले काही महिने कदाचित बरं वाटेल. पण गादी तिथेही आहे, वाहनांचा धूर आहे, गाजरगवत आहे, आणि ज्याला ॲलर्जीची प्रवृत्ती आहे त्याला नव्या जागी नवी ॲलर्जी जडू शकते. त्यापेक्षा दहा वर्षांच्या मुलाला आई-बापापासून वर्ष-दोन वर्षं तोडणं मला जास्त जाचक वाटतं. मामाकडे दिवाळीच्या सुट्टीत जरूर पाठवा. पंप, स्पेसर आणि त्याची उशी सोबत द्या, आणि रोजचा पंप किती वाजता घ्यायचा ते मामीला लिहून द्या.